शेजारी मारहाण होत असेल, तर बेल वाजवून काय होतं?

भिंतीपलीकडून ओरडण्याचा आवाज येतो. 'नवरा-बायकोचं भांडण, आपण कशाला मध्ये पडायचं?' म्हणत टीव्हीचा आवाज वाढवला जातो. 2008 मध्ये 'ब्रेकथ्रू' संस्थेने सुरू केलेल्या 'बेल बजाओ' मोहिमेने नेमकं याच सवयीवर बोट ठेवलं.

या जाहिरातींमध्ये मारणाऱ्याला उपदेश नव्हता आणि मार खाणारीला 'धीट हो' असा सल्लाही नव्हता. एका जाहिरातीत क्रिकेट खेळणारी मुलं आवाज ऐकून त्या घराची बेल वाजवतात आणि बॉल मागतात. निमित्त साधं असतं, पण बाहेर कुणीतरी ऐकतंय, हे आतल्या माणसाला कळतं.

याचा आरोग्याशी काय संबंध?

जागतिक आरोग्य सभेने 1996 मध्येच हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचं जाहीर केलं. म्हणजे जखमीवर उपचार करून थांबायचं नाही, तर जखम होण्याआधीची कारणंही शोधायची.

त्यातलं एक कारण म्हणजे समाजमान्यता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) सुमारे 45 टक्के महिला आणि 44 टक्के पुरुषांनी काही कारणांसाठी बायकोला मारणं योग्य मानलं. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या महिला होत्या जेमतेम 14 टक्के. बाई स्वतः बोलेल, याची वाट पाहणं म्हणूनच पुरेसं नाही.

संदेश कुठे चुकतो?

'घरोघरी हिंसा होते' एवढंच सांगितलं, तर 'सगळेच मारतात' असा उलटा अर्थ निघू शकतो. म्हणून कुणी, कधी आणि काय करायचं, हे संदेशात हवं.

आणि बेलनंतर पुढे काय? तिथे यंत्रणा लागते. मुंबईत महापालिका आणि 'सेहत' संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केलं. उपचारासाठी आलेल्या बाईला तिथेच समुपदेशन मिळतं. अशी सोय नसेल, तर जाहिरात फक्त अपेक्षा वाढवते.

तुम्ही काय करू शकता?

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार हिंसेची माहिती संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही देऊ शकतं. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर त्यासाठी कारवाई होत नाही. महिला हेल्पलाइन 181 आहे. जिवाला धोका दिसत असेल, तर एकट्याने दारात जाऊ नका, 112 वर फोन करा.