नत्र, स्फुरद, पालाश आणि एक रिकामे घर

आमच्या वाशीम जिल्ह्यात शाळेची पायरी न चढलेला शेतकरीही खताच्या पोत्यावरचे आकडे बिनचूक वाचतो. १०:२६:२६ म्हणजे नत्र दहा, स्फुरद सव्वीस, पालाश सव्वीस. बँकेत पीककर्जाचे अर्ज तपासताना मी हे त्याच्याकडूनच शिकलो. पण ही नावे ज्या मूलद्रव्यांची, त्यांचे एक मोठे गणगोत आहे, हे त्याला कोणी सांगितले नाही. ते सांगण्याची जागा म्हणजे दहावीचा वर्ग.

म्हणूनच २०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचे प्रकरण वगळले, तेव्हा वाईट वाटले. मुलांचे ओझे कमी करायचे आहे, शिवाय अकरावीत ते आहेच, असे सांगण्यात आले. पण कला-वाणिज्य शाखेकडे वळणाऱ्या मुलांचे काय? त्यांचा विज्ञानाशी संबंध दहावीलाच संपतो!

गंमत म्हणजे, हा तक्ता जन्मला तोच नवशिक्यांसाठी. सेंट पीटर्सबर्गचे प्राध्यापक मेंडेलीव्ह विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहीत होते. तेव्हा ६३ मूलद्रव्ये माहीत होती. ती शिकवायची कोणत्या क्रमाने? त्याआधी डोबरायनर यांनी त्रिके जुळवली होती. लिथियम ७, पोटॅशियम ३९. दोहोंची सरासरी २३, तोच सोडियमचा अणुभार. मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये सगळीच मूलद्रव्ये अणुभार आणि गुणधर्म पाहून मांडली. जिथे जुळेना, तिथे ओढूनताणून काही बसवले नाही. घर रिकामे सोडले. ॲल्युमिनियमखालच्या घरातल्या अज्ञात पाहुण्याला त्यांनी आपल्या संस्कृतातला ‘एक’ घेऊन ‘एका-ॲल्युमिनियम’ म्हटले. १८७५ मध्ये तो पाहुणा सापडला. त्याचे नाव गॅलियम.

आपल्याकडे कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी (१८४७–१९०६) रसायनशास्त्र मराठीत लिहिले, तेही नवशिक्यांसाठीच.

जन्मभर खातेवह्या पाहिलेल्या माणसाला त्या रिकाम्या घराचे मोल कळते. ताळा जुळला नाही की आकडा दडपून बसवायचा मोह होतो. ‘इथले मला अजून ठाऊक नाही’ असे लिहायला धैर्य लागते. तक्ता पाठ करून घेऊ नका, हे मान्य. पण मुलांच्या हाती मूलद्रव्यांची पत्ती द्या, एक पान गुपचूप काढून ठेवा आणि ते कसे असेल ते त्यांनाच सांगू द्या. शेवटी घरातले खताचे पोते वाचायला लावा. हे ओझे नव्हे, शिदोरी आहे.