रंग ओता, पण माप वहीत लिहा

कॅनव्हासवर पातळ ॲक्रिलिक रंग ओतून चित्र करण्याचा छंद आता उपनगरांतल्या घरांतही शिरला आहे. काही व्यापारीबंधू याला पैशाची नासाडी म्हणतात. मला ते पटत नाही.

हा हुन्नर आपल्याला अगदीच परका नाही. सतराव्या शतकात विजापूरच्या आदिलशाहीत कारागीर घट्ट केलेल्या पाण्यावर रंग तरंगवून ते कागदावर उचलत. त्याला अबरी म्हणत. तुर्कस्तानात याच जातीच्या कामाला एब्रू म्हणतात. २०१४ साली युनेस्कोने त्याला वारसा यादीत घेतले.

नव्या ओतकामात खरी कसोटी मापाची आहे. रंगात पोअरिंग मिडियम मिसळून तो मधासारखा वाहता करावा लागतो. नुसते पाणी वाढवले तर रंगाची पकड सुटते. जड रंग खाली बसतो, हलका वर येतो आणि त्यातून नक्षी उमटते. कॅनव्हास सपाट ठेवला नाही तर वाळेपर्यंत नक्षी एका कडेला सरकते. उरलेला रंग मोरीत ओतू नये. तो पाइपात प्लास्टिकसारखा घट्ट बसतो.

मात्र शिकल्याबरोबर दुकान मांडू नये. कापडाच्या धंद्यात गिऱ्हाईक पसंत पडलेल्या नमुन्याचाच माल पुन्हा मागते. इथे एकासारखे दुसरे चित्र निघत नाही. म्हणून मुलामुलींना हा शौक जरूर करू द्या, पण प्रत्येक रंगाचे माप आणि खर्च वहीत लिहायला लावा. शौक शौकच राहिला तरी हिशेबाची सवय लागेल. उद्या कोणी चित्र विकत मागितलेच, तर भाव अंदाजाने सांगावा लागणार नाही.