पारदर्शक व्हावं, पण किती?

"ताई, सरांच्या अंगात शर्टच नाहीये!"

रात्रीचे सव्वानऊ. हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसचा एसी बंद झालेला, वडापाव गारढोण झालेला आणि सकाळी दहाला क्लायंट येणार. अशा मुहूर्तावर आमच्या ट्रेनीनं हे वाक्य टाकलं. मी खुर्चीसकट घरंगळत त्याच्या डेस्कपाशी गेले. बघते तर काय, आमचे सर खरोखरच बिनशर्टाचे! टाय होता, चेहरा होता, केस नेहमीसारखे चापूनचोपून बसवलेले होते. पण शर्टाच्या जागी मागच्या स्लाइडचा गडद निळा रंग. बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. सर फोटोत छान हसत होते, त्यामुळे समोरचा एक दातही निळा!

दोन मिनिटं आम्ही पोट धरधरून हसलो. मग घड्याळाकडे बघितलं आणि हसू आपोआप आटलं.

झालं होतं काय, सांगते. फोटो स्टुडिओतला, मागे पांढरं. निळ्या स्लाइडवर तो पांढरा चौकोन रेशनकार्डावर चिकटवल्यासारखा दिसत होता. म्हणून पठ्ठ्यानं 'पिक्चर फॉरमॅट'मध्ये जाऊन 'कलर' उघडलं, तळाशी असलेलं 'सेट ट्रान्सपरंट कलर' निवडलं आणि पांढऱ्यावर टिचकी मारली. आता या टूलला माणूस कळत नाही, शर्ट कळत नाही. त्याला कळतो फक्त रंग, तोही एकच. जो रंग दाखवाल तो चित्रात जिथे जिथे असेल तिथून उडवायचा, एवढंच त्याला येतं. स्टुडिओच्या फ्लॅशमध्ये शर्ट मागच्या पडद्याइतकाच पांढराफटक झाला होता. गेला बिचारा!

म्हणजे हे टूल वाईट का? अजिबात नाही. सपाट पांढऱ्यावर दोन-तीन ठळक रंगांचा लोगो असेल तर याच्याइतकं झटपट काही नाही. फक्त लोगोच्या आतही तोच पांढरा असेल तर तिथेही भोक पडणार, एवढं ध्यानात ठेवायचं.

दुसरा लोचा क्लायंटच्या लोगोत होता. पांढरं उडालं, पण कडेला कुरतडल्यासारखी मळकट किनार राहिली. कारण फाइल जेपेग होती. जेपेग जागा वाचवायला रंगांची थोडी मोडतोड करतं, त्यामुळे कडेचं पांढरं हे अस्सल पांढरं राहत नाही, पांढऱ्याच्या जवळपासचं काहीतरी होतं. टूल म्हणतं, हा तो रंग नव्हे! शिवाय जेपेगमध्ये पारदर्शकता साठवायची सोयच नसते. ती असते पीएनजीमध्ये. हा फॉरमॅट १९९६ साली आला. त्याआधीच्या जिफमध्ये ठिपका एकतर दिसायचा किंवा नाही दिसायचा, अधलंमधलं काही नाही. पीएनजीत एकेका ठिपक्याला ० ते २५५ अशी पारदर्शकतेची पायरी देता येते, म्हणून कडा मऊ येतात. तेव्हा मंडळी, क्लायंटकडून लोगो मागताना 'पीएनजी पाठवा, पारदर्शक बॅकग्राउंडचा' असं थेट लिहा. गुगलवरून उचललेल्या लोगोनं रात्रीचा एक तास खाल्ला, तेव्हा ही अक्कल आली.

सरांचा शर्ट परत आणला 'रिमूव्ह बॅकग्राउंड'नं. २०१०च्या आवृत्तीपासून हे पॉवरपॉइंटमध्येच आहे. जो भाग उडणार तो जांभळट दिसतो. शर्टावर 'मार्क एरियाज टू कीप'च्या रेघा मारल्या की शर्ट शाबूत. दातही पांढरे. सुटलो!

खरा घोळ पुढे होता आणि तो माझा होता.

सातव्या स्लाइडवर आमचे निष्कर्ष होते. नुसते पाच बुलेट पॉइंट्स, अगदी रुक्ष. म्हटलं, मागे टीमचा फोटो टाकू. फील्डवर्क संपलं त्या दिवशी लातूरच्या एसटी स्टँडवर काढलेला, धुळीनं माखलेले सहा जण आणि हातात चहाचे ग्लास. मी ट्रेनीला फर्मान सोडलं, "ट्रान्सपरन्सी पंच्याऐंशीवर ने. अक्षरं वाचता आली पाहिजेत."

नव्या पॉवरपॉइंटमध्ये फोटो सिलेक्ट केला की 'ट्रान्सपरन्सी'चं बटणच असतं. जुनी आवृत्ती असेल तर थोडी वाट वाकडी करायची. फोटोच्याच मापाचा एक आयत काढायचा, त्यात 'पिक्चर फिल'नं फोटो भरायचा आणि मग पारदर्शकतेचा स्लायडर सरकवायचा. माप चुकलं तर माणसं ताणली जातात, तेवढं सांभाळायचं. पंच्याऐंशी टक्के म्हणजे फोटोचा रंग पंधरा टक्के आणि मागच्या स्लाइडचा पंच्याऐंशी, असं मिश्रण. पाणीदार ताक म्हणा ना!

हा हिशोब मुळात पॉवरपॉइंटचा नाही बरं का. १९७०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एड कॅटमुल आणि अल्वी रे स्मिथ या दोघांनी तो मांडला. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीला चौथा आकडा द्यायचा. हा ठिपका मागचं किती झाकणार, हे सांगणारा. त्याचं नाव अल्फा. पुढे हेच दोघं 'पिक्सार'च्या संस्थापकांत होते. म्हणजे कुठे ते सिनेमे आणि कुठे आमची सातवी स्लाइड!

तर ट्रेनीनं स्लायडर सरकवला. मी मान डोलावली. तो मात्र स्क्रीनकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "ताई, तिसऱ्या बुलेटमागे जो डाग दिसतोय, तो मीच ना?"

मी वाकून बघितलं. होता तोच. 'वितरणातील अडथळे' या शब्दांच्या मागे.

"का रे?"

"काही नाही. आईला पाठवणार होतो ही स्लाइड. चार महिने मी नेमकं काय करतोय, ते तिला कळत नाही ना..."

मला पटकन काही बोलता येईना. किराणा दुकानांच्या पायऱ्यांवर बसून फॉर्म भरून घेतले ते यानं. एसटीनं लातूर, बीड, सोलापूर पालथं घातलं ते यानं. स्लाइडवरचा तिसरा बुलेट तर शब्दशः त्याच्या रिपोर्टमधून उचललेला. आणि त्याच वाक्याखाली मी त्याला पंधरा टक्के करून ठेवलं होतं.

गंमत ऐका. त्याच आठवड्यात मी घरी येऊन आईपुढे फणफणले होते. महिनाभर राबून मी बनवलेलं प्रेझेंटेशन सरांनी हेड ऑफिसला दाखवलं, पहिल्या स्लाइडवर नाव फक्त त्यांचं. "मी काय अदृश्य आहे का?" असं विचारत मी जेवणाचं ताट सरकवलं होतं. आई शांतपणे म्हणाली होती, "जेव आधी." आणि आता माझ्या हातात स्लायडर आल्यावर मी काय केलं? तेच! सरांनी निदान झटक्यात उडवलं होतं, मी डिझाइनच्या नावाखाली हळूहळू फिकं केलं.

मग आम्ही सातवी स्लाइड मोडली. फोटो शून्य टक्क्यावर आणला, म्हणजे अख्खा, धुळीसकट. अक्षरांचं काय? त्यालाही साधा उपाय आहे, पण घाईत सुचत नाही. फोटो फिका करायचाच नाही. जिथे मजकूर येणार तिथेच मागे एक काळी पट्टी टाकायची आणि तिची पारदर्शकता तीस-चाळीस टक्के ठेवायची. वर पांढरी अक्षरं. पट्टी कोणाच्या तोंडावर येऊ द्यायची नाही. आम्ही ती खाली, बुटांवर घेतली. पाचाचे तीन बुलेट केले. (दोन तसेही भरतीचेच होते!) आणि शेवटी सहा नावांची एक वेगळी स्लाइड.

एक टीप फुकट. लॅपटॉपवर झकास दिसणारी फिकी चित्रं उजेडाच्या खोलीत प्रोजेक्टरवर पार धुऊन निघतात. आम्ही साडेदहाला कॉन्फरन्स रूममध्ये जाऊन, दिवे लावून तपासलं. फोटो टिकला.

सकाळी सरांनी प्रेझेंटेशन झोकात केलं. सातव्या स्लाइडवर क्लायंटच्या बाई थांबल्या. "या दुकानांत प्रत्यक्ष कोण गेलं होतं?" सरांनी फोटोकडे बघितलं, मग आमच्याकडे. ट्रेनी उठून उभा राहिला. सुरुवातीला त त प प झालं, पण मग रेणापूरच्या एका दुकानदाराचा किस्सा त्यानं असा काही रंगवून सांगितला की बाईंनी पेन काढून लिहून घेतलं. ते स्लाइडवर कुठेच नव्हतं.

नंतर लिफ्टमध्ये सर म्हणाले, "नावांची स्लाइड टाकायची गरज होती का?"

"होती सर."

"हं," म्हणाले आणि मोबाइल बघायला लागले. झालं. टाळ्या नाहीत, प्रमोशन नाही, पाठीवर थाप नाही. पहिल्या स्लाइडवर माझं नाव अजूनही नाही. त्याचं बोलणं शुक्रवारच्या रिव्ह्यूत करायचं ठरवलंय. आईपुढे फणफणण्यापेक्षा ते बरं.

ट्रेनीनं स्लाइड घरी पाठवली. संध्याकाळी आईचा फोन आला म्हणे. कौतुक वगैरे राहिलं बाजूला, पहिला प्रश्न हा, "किती वाळलायस रे, जेवतोस का नीट?"

बघा, शून्य टक्के पारदर्शकतेचा हा असा फायदा असतो. माणूस अख्खा दिसतो!

तेव्हा दोस्तांनो, स्लायडर हातात आला की सरकवण्याआधी मागे कोण उभं आहे ते एकदा बघून घ्या. भेटू पुढच्या आठवड्यात. आणि हो, कंट्रोल एस दाबलंत ना?