नाडी टिपणारे पटल

दाब पडताच काही स्फटिकांवर विद्युत्‌भार प्रकट होतो, हे पिएर व झाक क्युरी या बंधूंनी १८८० साली दाखवून दिले आणि १९६९ साली जपानच्या हेइजी कावाई यांनी तोच गुण पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइडच्या पातळ, लवचीक पटलातही प्रकर्षाने आढळतो अशी हकीकत प्रसिद्ध केली. त्याच कुळातील पॉलिमरची शाई करून ती जाळीच्या छपाईने पातळ पत्र्यावर उमटवावी, वाळल्यावर तीव्र विद्युत्‌क्षेत्राने तिच्यातील रेणूंना एकदिश करावे आणि असे पटल मनगटावर बांधून नाडी टिपावी, हा या अंकाचा विषय आहे. हृदयविकार वा रक्तदाब ज्यांच्या घरात ठाण मांडून बसला आहे, अशा आमच्या असंख्य वाचकांना तो परका वाटणार नाही.

शाईत बेरियम टायटेनेटचे अतिसूक्ष्म कण मिसळले की संवेदनक्षमता आपोआप वाढते, ही समजूत आम्ही मुद्दाम तपासली आहे. कारण त्या कणांचा व पॉलिमरचा दाबविद्युत्‌गुणांक परस्परविरुद्ध चिन्हांचा असल्याने दोघांचे ध्रुवीकरण एकाच दिशेने झाले तर एकाचा प्रभाव दुसरा काही अंशी खोडून काढतो, आणि कण फार झाले तर त्यांच्या गुठळ्या होऊन पटल ठिसूळ बनते. शिवाय अंगाच्या उष्णतेत फरक पडला तरी हे पटल भार निर्माण करते. तेव्हा ठोका कोणता व ऊब कोणती, याचा निवाडा कसा करावा, याची चर्चाही आत सविस्तर आहे.

छापखान्यात, रुग्णालयात वा प्रयोगशाळेत वावरणाऱ्या वाचकांनी आपले अनुभव व आक्षेप तपशीलवार, निःसंकोचपणे जरूर लिहून पाठवावेत. त्यांना पुढील अंकात स्थान देण्याची तजवीज आम्ही केली आहे.