एकाचा अपराध आणि समाजाची बदनामी

जुलै २०२५ मध्ये थायलंडमधून एक बातमी आली. एका महिलेने अनेक वरिष्ठ भिक्खूंशी संबंध ठेवले आणि नंतर त्यांना धमकावून पैसे उकळले, असा आरोप ठेवून पोलिसांनी तिला अटक केली. त्या प्रकरणात किमान नऊ ज्येष्ठ भिक्खूंना चीवर उतरवावं लागलं. आपल्या ग्रुपवर ही बातमी फिरली तेव्हा माझ्या पाहण्यात दोनच प्रतिक्रिया आल्या. एक, हे सगळं मीडियाचं कारस्थान आहे. दुसरी, पोस्ट डिलीट करा, धम्माची बदनामी होते. विहारातल्या दानाच्या पैशाचा हिशेब कोण ठेवत होतं, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

बदनामीची ही भीती उगाच आलेली नाही. १३ जुलै २०१६ ला अहमदनगर जिल्ह्यातल्या कोपर्डीत एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. गुन्हा अमानुष होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिघा दोषींना सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली. पण हे तिघे दलित समाजातले होते, आणि पुढे राज्यभर निघालेल्या मोर्च्यांत दोषींना फाशी द्या या मागणीबरोबर अॅट्रॉसिटी कायदा बदला ही मागणीही उभी राहिली. तिघांचा गुन्हा आणि लाखो लोकांचं कायदेशीर संरक्षण यांचा संबंध काय? २०१६ च्याच ऑक्टोबरमध्ये नाशिक जिल्ह्यात तळेगाव (अंजनेरी) इथे एका अल्पवयीन मुलावर आरोप झाला आणि आजूबाजूच्या गावांतल्या बौद्ध वस्त्यांवर हल्ले झाले. ज्यांच्या गाड्या जळाल्या, घरांवर दगड पडले, त्यांचा त्या मुलाशी एवढाच संबंध होता की ते एकाच जातीत जन्मले होते. उलट २००६ मध्ये खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातले चार जण मारले गेले, तेव्हा आरोपींच्या अख्ख्या जातीने जाब द्यावा असं कुणी म्हटलं नाही. म्हणायलाही नको होतं. वरच्या जातीतला गुन्हेगार ही एक व्यक्ती असते, आपल्यातला गुन्हेगार हा नमुना ठरतो. समाजशास्त्रात याला कलंक म्हणतात, वस्तीतल्या बायकांना तो शब्द न शिकताही कळतो.

हा बाहेरचा अन्याय आहे. मला बोलायचं आहे ते तो आपल्या आत काय करतो याबद्दल.

अँटॉप हिल, वडाळा भागातल्या वस्त्यांमध्ये मी काही वर्षं काम करते आहे. सिद्धार्थ विहार वसतिगृह इथून जवळच. पँथरच्या पिढीच्या आठवणी अजून निघतात. अशाच एका वस्तीत एका आईने मंडळातल्या जुन्या कार्यकर्त्याविरुद्ध तक्रार केली. तो तिच्या मुलीला त्रास देत होता. वस्ती आणि मंडळ यांचं नाव इथे देत नाही, मुलगी ओळखू येईल. बैठकीत पहिला प्रश्न मुलगी कशी आहे हा नव्हता. “ताई, हे बाहेर गेलं तर लोक म्हणतील, हे असेच. जयंती तोंडावर आलीय.” बोलणारे काका वाईट माणूस नव्हेत, १९९७ ला रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर रस्त्यावर उतरलेले आहेत. आई शेवटी शेजारच्या दोघींना घेऊन पोलीस ठाण्यात गेली. गुन्हा नोंदला गेला. बाहेरच्या कुणी आपल्याला काही म्हटलं नाही, कुणाला पत्ताही नव्हता. पण विहारातल्या अभ्यासिकेत संध्याकाळी येणाऱ्या मुली महिन्याभरात कमी होत गेल्या. एका माणसाच्या अपराधाने समाजाचं नुकसान झालं ते हे, आणि त्यातला मोठा वाटा त्या बैठकीचा होता.

याबाबत धम्म काय सांगतो? कर्म ज्याचं त्याचं, हे खरंच. पण संघ म्हणजे सुट्या माणसांची गर्दी नव्हे. विनयातले बहुतेक नियम कुणा एकाच्या वागण्यातून आले आहेत. एक भिक्खू चुकतो, लोक सगळ्याच श्रमणांना नावं ठेवतात, ते बुद्धांच्या कानावर जातं. लोक चुकीचं सामान्यीकरण करतात म्हणून बुद्ध लोकांवर चिडत नाहीत. ते त्या भिक्खूला सगळ्यांसमोर विचारतात.

देवदत्ताचं उदाहरण तर आपल्याला नेमकं लागू पडतं. तो बिथरला तेव्हा संघाने त्याच्याविरुद्ध प्रकाशनीय कर्म केलं. म्हणजे राजगृहात जाहीर केलं की यापुढे देवदत्त जे करील-बोलेल ते त्याचं एकट्याचं, त्यात बुद्ध, धम्म, संघ पाहू नये. हे जाहीर करायला सारिपुत्तांना सांगितलं गेलं. ते अडखळले, कारण याच शहरात त्यांनी आधी देवदत्ताची स्तुती केली होती. बुद्धांनी त्यांना सांगितलं की ती स्तुती तेव्हा खरी होती, आता हेही खरं आहे. “त्यांनी चळवळीसाठी किती खस्ता खाल्ल्या” हे वाक्य बैठकीत आलं की मला सारिपुत्त आठवतात. खस्ता खाल्ल्या हे खरं, म्हणून तक्रार खोटी होत नाही.

आणखी दोन नियम. विश्वासू उपासिकेने एखाद्या भिक्खूला स्त्रीबरोबर एकांतात पाहून तक्रार केली, तर तिच्या सांगण्यावरून चौकशी होते. हा अनियत नियम विशाखेच्या तक्रारीवरून आला. दुसरा पाचित्तियातला ६४ वा: दुसऱ्या भिक्खूचा गंभीर अपराध माहीत असून लपवणं हाच अपराध. कुणी त्याच यादीतला ९ वा नियम पुढे करील, की भिक्खूचा गंभीर अपराध संघाच्या अनुमतीशिवाय बाहेर सांगू नये. तो चावडीवरच्या कुजबुजीला लगाम आहे, संघाने आत चौकशी करायची टाळावी याची मुभा नव्हे. निराधार आरोप करणाऱ्यालाही विनयात शिक्षा आहेच. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये भिक्खूंच्या अपराधांची चौकशी हा विषय स्वतंत्रपणे घेतला आहे. वर्षावासात आपल्या विहारांत हा ग्रंथ वाचला जातो, पण ती पानं किती ठिकाणी थांबून वाचली जातात?

देशाचा कायदा तर याहून स्पष्ट आहे. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर पॉक्सोच्या कलम १९ नुसार माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचं असतं. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मंडळाच्या बैठकीत मिटवून टाकायची सोय त्यात नाही.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना सांगणं आहे की या वर्षावासात विहार कमिटीकडे तीन गोष्टी मागा. तक्रार ऐकायला कमिटीबाहेरच्या दोन महिला, शक्यतो दुसऱ्या वस्तीतल्या. फलकावर चाइल्डलाइनचा १०९८ नंबर. आणि ज्याच्यावर तक्रार आहे तो चौकशी होईपर्यंत अभ्यासिकेच्या चाव्या आणि वर्गणीची पावतीपुस्तकं परत करील, असा लेखी ठराव. चाव्यांवरून वाद होईल, आमच्याकडेही तो अजून चालू आहे.