हिशेब कोणी द्यावयाचा आणि कोणाला?

जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या तोंडावर गुळगुळीत कागदावर छापलेली एक रंगीत पुस्तिका घरोघर येऊन पडते. तिचे नाव ‘कार्यअहवाल’. मुखपृष्ठावर हात जोडून उभे असलेले सन्माननीय सदस्य, मलपृष्ठावर नेत्यांची रांग, आणि आत भूमिपूजने, उद्घाटने व सत्कार यांची छायाचित्रे. अमुक गावाला सभामंडप ‘दिला’, तमुक वाडीला रस्ता ‘आणला’, अशी क्रियापदे ओळीओळीला भेटतात. या कामाचा पैसा कोठून आला, अंदाजपत्रक किती रकमेचे होते आणि खर्च किती झाला, ठेका कोणास मिळाला, मागितले होते काय आणि नाकारले गेले काय, याविषयी त्या पुस्तिकेत एक अक्षरही नसते. अहवाल म्हणजे मालकाने मागावयाचा आणि सेवकाने द्यावयाचा जाब. येथे सेवकच मालकाला आहेर करीत असल्याच्या थाटात बोलतो, आणि मालकही संकोचून तो आहेर स्वीकारतो!

परंतु गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण जनतेवर अशी पाळी आली की, असला खोटा अहवाल देणारासुद्धा कोणी उरला नाही. राज्यातील ३४ जिल्हा परिषदांपैकी २५ परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. निवडणुका झाल्या नाहीत. परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी हेच प्रशासक नेमले गेले. पुढे इतर परिषदांची मुदत संपत गेली आणि त्याही याच वाटेने गेल्या. पंचायत समित्यांचीही हीच गत झाली. याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. प्रस्ताव मांडणारा जो अधिकारी, तोच सभागृह झाला. अंदाजपत्रक तयार करणारा जो, तोच ते मंजूर करणारा झाला. ज्याला प्रश्न विचारावयाचे, त्याच्याच खुर्चीत प्रश्न विचारणाराही येऊन बसला. एखादा अधिकारी व्यक्तिशः कितीही सचोटीचा असो, आपल्याच कारभाराचा जाब आपणच आपल्याला विचारणे हे मनुष्यस्वभावाला शक्य नाही. म्हणून तर लोकशाहीत सभागृह असते.

घटनेने याबाबतीत कोणताही संदेह ठेवलेला नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली, पंचायत संस्थांची मुदत पाच वर्षांची आणि ‘त्याहून अधिक नाही’ अशी ठरवून दिली. ती मुदत संपण्यापूर्वीच नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, आणि एखादी संस्था मध्येच विसर्जित झाली तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक झाली पाहिजे, असे अनुच्छेद २४३ ङ सांगतो. तेथे सहा महिन्यांची मर्यादा होती. येथे प्रशासकांनी वर्षांमागून वर्षे काढली.

याचा दोष कोणाचा, असे विचारले की सत्ताधारी आणि विरोधक दोघेही न्यायालयाकडे बोट दाखवितात. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायप्रविष्ट होता, मग आम्ही काय करणार? हे अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्य हे असत्याहून अधिक घातक असते. स्थानिक संस्थांतील आरक्षणासाठी मागासलेपणाची समकालीन व अनुभवसिद्ध माहिती गोळा केली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितले होते. मार्च २०२१ च्या निकालाने तीच अट अधिक काटेकोर शब्दांत महाराष्ट्रापुढे ठेवली. मधली दहा वर्षे कोणकोणते पक्ष सत्तेवर होते, याची यादी करून पाहावी. त्यातून कोणताही मोठा पक्ष सुटत नाही. मागासवर्गीयांना सत्तेत वाटा मिळालाच पाहिजे, ही आमची भूमिका आहे व राहील. पण ज्यांनी ती माहिती वेळेवर गोळा केली नाही, त्यांनीच पुढे मागासवर्गीयांच्या कैवाराची ढाल करून निवडणुकाच लांबविल्या. परिणामी राखीव जागेवरचा मागासवर्गीय सदस्यही सभागृहात नव्हता, आणि राखीव नसलेल्या जागेवरचाही नव्हता. वाटा मिळण्याऐवजी ताटच उचलले गेले.

शिवाय न्यायालय काही मतदारसंघ पाडावयास सांगत नव्हते आणि मोडावयासही सांगत नव्हते. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून शासनाकडे घेतले, तेव्हा त्या विधेयकाला विरोधकांनीही हात लावला नाही. एका सरकारने सदस्यसंख्या वाढविली. दुसरे सरकार आले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये त्याने ती पुन्हा कमी केली. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयालाच चार महिन्यांत निवडणुका घ्या असे बजावावे लागले. ती मुदतही पाळली गेली नाही. सप्टेंबरमध्ये ती ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून घेण्यात आली. आणि जानेवारी २०२६ मध्ये जिल्हा परिषदांच्या निवडणुकांचा जो कार्यक्रम प्रथम जाहीर झाला, तो केवळ १२ परिषदांचा व १२५ पंचायत समित्यांचा होता.

याच काळात केरळने काय केले? कोविडची साथ ऐन भरात असताना, डिसेंबर २०२० मध्ये, त्या राज्याने स्थानिक संस्थांच्या निवडणुका तीन टप्प्यांत पार पाडल्या. पाच वर्षे पूर्ण होताच डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा घेतल्या. घटना तीच आणि न्यायालयही तेच. फरक होता तो इच्छेचा.

या रिकाम्या सभागृहांची किंमत कोणी मोजली? पंधराव्या वित्त आयोगाचा निधी महाराष्ट्रात ८० टक्के ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समित्यांना व जिल्हा परिषदांना, असा वाटला जातो; पण निवडून आलेली संस्था अस्तित्वात नसेल तर तिचा वाटा मिळत नाही. म्हणजे निवडणूक टाळली मुंबईने, आणि दंड भरला खेड्याने. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी ‘समूहशाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागविले गेले. त्याच महिन्यात शाळा उद्योगांना व देणगीदारांना दत्तक देण्याची योजनाही निघाली. डोंगरकपारीतल्या वस्तीवरची शाळा बंद झाली तर दहा वर्षांची मुलगी ओढा ओलांडून पाच किलोमीटर जाईल की घरी बसून धाकट्या भावंडाला सांभाळील, हा प्रश्न जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीत विचारला जावयाचा. पण बहुसंख्य जिल्ह्यांत शिक्षण समितीच नव्हती. निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवणाऱ्या राज्यात, असा प्रश्न आपल्या अनुभवातून विचारू शकणाऱ्या स्त्रिया त्या वेळी सभागृहाच्या बाहेर होत्या.

जिल्हा नियोजन समितीची कथा याहून उद्बोधक आहे. घटनेप्रमाणे या समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषदेच्या व नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांनी आपल्यांतून निवडून द्यावयाचे असतात. निर्वाचित सदस्यच नाहीत, तर मग उरले कोण? अध्यक्षस्थानी पालकमंत्री आणि भोवती आमदार, खासदार, अधिकारी! ‘पालक’ हा शब्दच पाहा. जिल्ह्यातले लक्षावधी प्रौढ मतदार जणू अज्ञान बालके आहेत आणि त्यांच्या मालमत्तेचा कारभार पाहण्यास राजधानीहून पालक नेमून आला आहे. केरळात हेच अध्यक्षपद जिल्हा पंचायतीच्या अध्यक्षाकडे असते.

महाराष्ट्राने आरंभ असा केला नव्हता. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. जिल्हाधिकाऱ्याला परिषदेबाहेर ठेवण्याचा आणि आमदार-खासदारांना तिचे सदस्यत्व न देण्याचा निर्णय त्या वेळी विचारपूर्वक घेतला गेला. जिल्ह्यातून नवे नेतृत्व वर यावे, त्यावर नोकरशाहीची वा विधिमंडळाची सावली पडू नये, हा त्यामागचा हेतू होता. डॉ. राममनोहर लोहियांनी मांडलेल्या चौखंबा राज्यात गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र हे चारही खांब भार वाहणारे होते. आज जिल्ह्याचा खांब केवळ रंगवून ठेवलेला आहे; भार मात्र त्याच्यावर कोणी टाकत नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. लोक म्हणतात, प्रशासकाच्या काळात आमचे काही अडले नाही. उलट टक्केवारी मागणारे थांबले. या उद्गारात कटू अनुभव आहे. सदस्य स्वतः ठेकेदार झाले, नातलगांच्या नावे कामे घेतली गेली, राखीव जागेवर निवडून आलेल्या भगिनीची खुर्ची तिच्या पतीने बळकावली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तथापि वाईट सदस्याला पाच वर्षांनी घरी बसविता येते. वाईट प्रशासकाची फार तर बदली होते, आणि तीही जनतेच्या हाती नसते. दुखणाऱ्या दातावर उपाय म्हणून जबडाच काढून टाकावा, असे कोणी वैद्य सांगत नाही. आणि टक्केवारी थांबली म्हणणारांनी हेही विचारावे की, ती खरोखरच थांबली, की दृष्टीआड गेली?

म्हणून जे निवडून आले आहेत व जे येणार आहेत, त्यांच्यापाशी आमचे मागणे साधे आहे. पाच वर्षांच्या शेवटी चित्रांची पुस्तिका नको. परिषदेची सर्वसाधारण सभा होईल, त्यानंतर प्रत्येक वेळी आपल्या गटातील गावांत येऊन उभे राहा. मी कोणते प्रश्न विचारले आणि काय उत्तर मिळाले. कोणत्या ठरावाच्या बाजूने आणि कोणत्याच्या विरुद्ध मत दिले. गटात किती रुपयांची कामे मंजूर झाली, त्यांपैकी किती पुरी झाली, किती रेंगाळली. ती कोणी केली, आणि त्याचे माझ्याशी नाते काय. आरोग्य केंद्रात डॉक्टरच्या आणि शाळेत शिक्षकाच्या किती जागा रिकाम्या आहेत. स्थानिक निधी लेखापरीक्षेने कोणते आक्षेप घेतले, एवढे साध्या मराठीत, आकड्यांसह सांगा. जे जमले नाही तेही सांगा. अपयशाची कबुली देणाऱ्या प्रतिनिधीला जनता क्षमा करते. तिला उबग येतो तो सत्कारांचा.

शासनाकडे मागणे निराळे आहे. मतदारसंघ पाडण्याचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडे निरपवादपणे द्या. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाकडे सोपवा. आणि प्रशासकांच्या काळात झालेल्या संपूर्ण खर्चाचा हिशेब प्रत्येक नव्या जिल्हा परिषदेच्या सभागृहापुढे, कलमवार, चर्चेसाठी ठेवा. त्या वर्षांतही रस्ते झाले, खरेदी झाली, देयके निघाली. तो पैसा जनतेचाच होता.

यातले काहीही आपण होऊन मिळणार नाही. म्हणून शेवटचे मागणे वाचकांपाशीच आहे. पुढच्या ग्रामसभेत आपल्या गटाच्या सदस्याला बोलावून घ्या, आणि हार-तुरे बाजूला ठेवून त्याला पहिला प्रश्न विचारा: हिशेब आणला आहे का?