काळ्या पुठ्ठ्यातले प्रबंध

पीएच.डी.च्या प्रबंधाचा एक ठरलेला थाट असतो. काळा किंवा गर्द निळा पुठ्ठा, त्यावर सोनेरी अक्षरं, तोंडी परीक्षेच्या दिवशी पेढे, आणि मग कपाट. मी बरीच वर्षं एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम केलं. तिथे प्रबंधांचं एक वेगळं कपाट होतं आणि त्याची किल्ली माझ्याकडे असायची. वर्षातून दोनतीनदा ते उघडावं लागे. बघायला येणारा बहुतेक स्वतःच प्रबंध लिहीत असे. प्रकरणं कशी पाडायची आणि ऋणनिर्देशात कोणाकोणाची नावं घालायची, एवढं पाहून तो परत जाई. चार-पाच वर्षं कष्ट करून कोणी काय शोधलं, हे वाचायला कोणी आल्याचं मला फारसं आठवत नाही.

पूर्वी काही परदेशी विद्यापीठं या बाबतीत कडक होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचंच उदाहरण घ्या. त्यांचा जन्म आपल्याच मध्य प्रदेशातल्या महूचा. कोलंबिया विद्यापीठासाठी त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. पण तिथे नियम असा, की प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला द्यायच्या, त्याशिवाय पदवी नाही. लंडनच्या पी. एस. किंग यांनी तो १९२५ साली पुस्तकरूपाने काढला आणि पदवी मिळाली १९२७ मध्ये. आपल्याकडे असा नियम नव्हता. टंकलिखित चार-पाच प्रती, त्यातली एक ग्रंथालयात, की काम झालं.

हे बदललं २००९ मध्ये. त्या वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.चे नवे नियम केले आणि प्रबंधाची संगणकीय प्रत देणं बंधनकारक झालं. त्या प्रती ठेवायला गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने एक भांडार उभं केलं, ‘शोधगंगा’. (मराठीत आपण ‘संशोधन’ म्हणतो, हिंदीत ‘शोध’. भोपाळच्या मुलांना दोन्ही कळतं, हा आपला फायदा.) ते ज्या प्रणालीवर चालतं तिचं नाव डीस्पेस. अमेरिकेतल्या एमआयटीच्या ग्रंथालयाने ह्युलेट-पॅकार्डबरोबर ती तयार केली आणि २००२ मध्ये सगळ्यांना फुकट वापरायला दिली. आज शोधगंगेत पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत. वाचायला पैसे नाहीत, सभासदत्व नाही, पासवर्डही नाही. शेतीवरचे प्रबंध बरेचसे ‘कृषिकोश’ नावाच्या वेगळ्या भांडारात मिळतात. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने तर आपल्या ग्रंथालयातली हजारो दुर्मिळ जुनी पुस्तकं स्कॅन करून खुली ठेवली आहेत.

यात आपलं काय, असं टी. टी. नगरातल्या घरात बसून कोणी विचारलं तर मी आधी भीमबेटकाचं नाव घेईन. शाळेच्या सहलीने तुम्ही सगळे तिथे जाऊन आला आहात. भोपाळपासून जेमतेम ४५ किलोमीटर. तिथली चित्रं जगापुढे आणली ती उज्जैनच्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी. जन्म नीमचचा, घर मराठी, सगळे त्यांना हरिभाऊ म्हणत. १९५७ साली रेल्वेतून जाताना त्यांना दुरून हे खडक दिसले आणि ते पायी तिथवर पोचले. पुढे कित्येक वर्षं देशभरातल्या चित्रित गुहा हिंडून, चित्रांच्या नकला स्वतःच्या हाताने काढून त्यांनी पुण्याला डेक्कन कॉलेजात प्रबंध सादर केला, १९७३ मध्ये. १९७५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९७६ मध्ये रॉबर्ट ब्रुक्स यांच्याबरोबरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक अमेरिकेत येल विद्यापीठाने छापलं. १९८८ मध्ये हरिभाऊ गेले. २००३ साली भीमबेटका जागतिक वारसा ठरलं. आणि तो मूळ प्रबंध? तो पुस्तकरूपाने निघाला २००५ मध्ये, इथेच भोपाळला, राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडून. म्हणजे ३२ वर्षांनी, आणि लिहिणारा जाऊन १७ वर्षं झाल्यावर. एवढ्या नामवंत माणसाच्या प्रबंधाची ही गत, तर बाकीच्यांचं काय होत असेल ते ओळखा.

हरिभाऊंच्या प्रबंधाला उशीर झाला म्हणून कोणाचा जीव धोक्यात आला नाही. पण आपल्याच शहरात दुसरं एक संशोधन आहे, जिथे उशिराची किंमत फार वेगळी होती.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट सुटलं. वारा जुन्या शहराकडे वाहत होता. तलावांच्या या बाजूचं टी. टी. नगर त्यामानाने बचावलं. तुमच्या आजी-आजोबांना ती रात्र आठवत असेल, त्यांना विचारा. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने भोपाळमध्ये मोठं काम हाती घेतलं. सुमारे ८० हजार बाधित माणसांची नोंद करून वर्षानुवर्षं त्यांची तब्येत तपासली जात होती. फुप्फुसं, डोळे, गर्भपात, मुलांची वाढ, सगळं. जगात कुठेही या वायूबद्दल इतकी माहिती गोळा झालेली नव्हती. १९९४ मध्ये हे काम थांबलं. आणि १९८५ ते १९९४ या काळातल्या त्या दीर्घ पाहणीचा तांत्रिक अहवाल छापून आला २००४ मध्ये. शवविच्छेदनं आणि विषशास्त्र यांवरचा अहवाल आला २०१० मध्ये, दुर्घटनेनंतर २६ वर्षांनी.

जरा थांबून या तारखांकडे बघा. १९९५ साली जहांगीराबादेत किंवा काझी कॅम्पात दवाखाना चालवणारा एखादा साधा डॉक्टर डोळ्यांसमोर आणा. त्याच्यासमोर रोज दम लागलेली माणसं येऊन बसताहेत. याच माणसांवर दहा वर्षं अभ्यास झालेला आहे, याच गल्ल्यांतून, पण कोणत्या तक्रारी टिकल्या आणि कोणत्या कमी झाल्या हे त्याने वाचायचं कुठे? आणि ज्यांच्या फुप्फुसांची मोजमापं घेतली, त्यांच्या हातात तर काहीच नव्हतं. भरपाईसाठी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवताना आपला आजार वायूचाच आहे हे सिद्ध करायचं त्यांनी, आणि पुरावा कपाटात. पुढे साडेपाच लाखांहून अधिक लोकांना भरपाई मिळाली, बहुतेकांना अगदी थोडी. अहवाल वेळेवर आले असते तर रक्कम वाढली असती असं मी म्हणणार नाही, पण वाद घालायला हाताशी काहीतरी असतं.

आता दुसरी बाजू. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी बीएमजे ओपन या नियतकालिकात एक अभ्यास छापला. दुर्घटनेच्या वेळी आईच्या पोटात असलेल्या मुलांचं पुढे काय झालं, हा त्यांचा प्रश्न. १९८५ साली भोपाळ परिसरात जन्मलेल्या पुरुषांमध्ये कर्करोगाचं आणि काम करण्यात अडथळा आणणाऱ्या अपंगत्वाचं प्रमाण जास्त आणि शिक्षण कमी, असं त्यांना आढळलं. परिणामाच्या खुणा १०० किलोमीटरपर्यंत दिसल्या. यासाठी त्यांना इथे येऊन घरोघर फिरावं लागलं नाही. आपल्याच सरकारने देशभर केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची आकडेवारी संशोधकांना खुली आहे, ती त्यांनी वापरली. आणि तो लेख तुम्ही आत्ता, या क्षणी, फोनवर पैसे न देता वाचू शकता. कपाटाचं कुलूप काढलं की असं होतं. भोपाळबद्दलचा एक नवा प्रश्न कुणीतरी पॅसिफिकच्या काठावर बसून विचारतो, आणि उत्तर आपल्याला घरबसल्या मिळतं.

सगळंच असं खुलं नाही. मोठ्या प्रकाशकांची नियतकालिकं महागडी आहेत. त्यासाठी केंद्र सरकारने ‘एक देश, एक सदस्यता’ ही योजना आणली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची. १ जानेवारी २०२५ पासून सरकारी महाविद्यालयं, विद्यापीठं आणि संशोधन संस्थांमधल्या मुलांना सुमारे १३,००० नियतकालिकं वाचता येतात. चांगलंच झालं. पण महाविद्यालय सोडलं की दार बंद. तुमच्या आईला किंवा नाक्यावरच्या डॉक्टरला त्यातलं काही मिळत नाही. म्हणून विद्यापीठांची ही फुकट भांडारं मला जास्त मोलाची वाटतात.

आता वापरायचं कसं. शोधगंगेत शिरलात की मुलं करतात तसं एकच शब्द टाकून मोकळं होऊ नका. बरेच जुने मराठी प्रबंध कागदावरून स्कॅन केलेले आहेत, म्हणजे संगणकाच्या दृष्टीने ती नुसती चित्रं. आतल्या मजकुरात शोध लागत नाही, शीर्षकात लागतो. शीर्षकही कधी देवनागरीत, कधी रोमन अक्षरांत, आणि रोमनमध्ये ज्याचं त्याचं स्पेलिंग. तेव्हा दोन्ही लिप्यांत, तीन-चार तऱ्हांनी शोधा. विद्यापीठाच्या नावावरूनही आत जाता येतं. भोपाळच्या बरकतउल्ला विद्यापीठात सरोवरशास्त्राचा विभाग आहे. आपल्या मोठ्या तलावाच्या पाण्यावर, त्यातल्या शेवाळावर आणि माशांवर इथे पुष्कळ काम झालं आहे. राजा भोजाचा अकराव्या शतकातला तलाव, २००२ पासून रामसर यादीत, आणि शहराच्या मोठ्या भागाच्या नळाला त्याचंच पाणी. ते पाणी पिणाऱ्याने त्यातला एखादा प्रबंध चाळायला हरकत नाही.

प्रबंध पहिल्या पानापासून वाचायचा नसतो. प्रत्येक प्रकरण वेगळ्या फाइलीत असतं, तेव्हा आधी सारांश आणि शेवटचं प्रकरण उघडा. मग किती माणसांची किंवा किती नमुन्यांची पाहणी केली आणि कोणत्या साली, ते बघा. सगळ्यात शेवटी संदर्भसूची. कित्येकदा प्रबंधापेक्षा सूचीच कामाची निघते.

सगळं सोनं आहे असं मात्र समजू नका. पन्नास विद्यार्थ्यांना प्रश्नावली वाटायची, टक्केवारी काढायची आणि ‘शासनाने लक्ष द्यावे’ असं लिहून मोकळं व्हायचं, असेही ढीगभर प्रबंध आहेत. काही तर दुसऱ्याचेच, नाव बदललेले. कपाटात होते तोवर ते खपून गेले. खुले झाल्यावर दोन प्रबंध शेजारी ठेवून पाहणं सोपं झालं आणि २०१८ मध्ये आयोगाने वाङ्मयचौर्याचे नियमही केले: १० टक्क्यांपर्यंत साम्य चालेल, ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. शाळेच्या प्रकल्पासाठी शोधगंगेतून उतारेच्या उतारे उचलणाऱ्या बाळगोपाळांनी हेही ध्यानात ठेवावं. जे तुम्हाला सापडतं ते तुमच्या बाईंनाही सापडतं.

शेवटचं काम घरातलं आहे. २००९ च्या आधीचे असंख्य प्रबंध अजून शोधगंगेत नाहीत. आपल्या मराठी घरांत आजी-आजोबांच्या, आत्या-मामांच्या पिढीत पीएच.डी. झालेले कमी नाहीत. उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर, नागपूर, कुठल्या कुठल्या विद्यापीठांतून. त्यांची एक प्रत माळ्यावर ट्रंकेत असते, नाहीतर सनमायकाच्या शोकेसमध्ये ट्रॉफ्यांच्या मागे. तो प्रबंध कोणत्या विद्यापीठाचा आणि कोणत्या सालचा हे आधी बघून घ्या आणि शोधगंगेत आहे का ते तपासा. नसेल तर त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला पत्र लिहा. शोधगंगेत आपण स्वतः काही टाकू शकत नाही. प्रत्येक विद्यापीठाने त्यासाठी एक समन्वयक नेमलेला असतो आणि प्रबंध त्याच्यामार्फतच चढतो. लेखक हयात असतील तर त्यांच्या सहीचं संमतिपत्र सोबत जोडा, नसतील तर वारसांचं. ग्रंथालयातली प्रत वाळवीने खाल्लेली असेल तर तुमची घरची प्रत स्कॅन करून द्यायची तयारी दाखवा. पानं फाडून सुटी करू नका, उघडी ठेवून वरून फोटो काढणारं यंत्र आता बऱ्याच ग्रंथालयांत असतं. नकाशे आणि घडीची पानं विसरू नका, तीच नेहमी राहून जातात.

आणि स्कॅन झालं म्हणून तो काळा पुठ्ठा रद्दीत घालू नका. ब्रिटिश लायब्ररीकडे ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या प्रबंधांची ‘एथॉस’ नावाची सूची होती, जगभरातले अभ्यासक ती वापरत. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या ग्रंथालयावर सायबरहल्ला झाला आणि एथॉस एका रात्रीत बंद पडली, ती दीर्घकाळ बंदच राहिली. ज्या ग्रंथालयांनी कागदी प्रती जपल्या होत्या, तिथे जाऊन मात्र प्रबंध वाचता येत होते.